साथ आणि संगत : आमच्या उपासनेतील वाद्यवृंदाची एक चिकित्सा

उपासनेत वाद्ये असावीत की नसावीत, हा वाद आमच्या मंडळ्यांत आता फारसे कोणी घालीत नाही. पेटी, तबला आणि झांज ही आमच्या आजोबांच्या पिढीतच मंदिरात आली. गिटार, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड ही आमच्या डोळ्यांदेखत आली. वाद मिटला याचा आम्हांस आनंदच आहे. पण त्याबरोबर विचारही थांबला, याची खंत वाटते. वाद्ये आली, वादक आले, ते एका बाजूस एकत्र बसू लागले. परंतु ते एकत्र वाजवितात काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तो विचारणार आहोत, आणि त्यासाठी सिल्वासा व त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवणार आहोत.

हा मुलूख निवडण्याचे कारण असे की, इतरत्र जी अडचण सुटी सुटी दिसते ती येथे एका छपराखाली सापडते. नगर हवेली १७८३ मध्ये आणि दादरा १७८५ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. १९५४ मध्ये ते मुक्त झाले, १९६१ मध्ये भारतात रीतसर विलीन झाले, आणि २०२० पासून दमण व दीव यांच्यासह त्यांचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. (या मुक्तिसंग्रामात संगीतकार सुधीर फडके स्वतः सामील होते, आणि त्यासाठी निधी जमविण्याकरिता लता मंगेशकर पुण्यास गायल्या होत्या. संगीत हे फावल्या वेळचे काम आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) २०११ च्या जनगणनेत दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती, आणि तीत निम्म्याहून अधिक लोक आदिवासी, म्हणजे मुख्यतः वारली, कोकणा व धोडिया होते. त्यांच्या जोडीला कारखान्यांच्या निमित्ताने केरळ, तामिळनाडू, ओडिशा, झारखंड येथून आलेली कुटुंबे आहेत. कॅथॉलिकांचा संबंध गोवा व दमणच्या महाधर्मप्रांताशी आहे. तर शेजारच्या डहाणू, वाडा, वलसाड या पट्ट्यात ब्रदरन मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काम केले व त्या मंडळ्या १९७० मध्ये उत्तर भारतीय मंडळीत सामील झाल्या. तेव्हा येथे रविवारी एकाच बाकावर मराठी पद, गुजराती भजन आणि हिंदी कोरस म्हणणारी माणसे बसलेली असतात. आणि त्यांच्यासमोर जे वादक बसतात त्यांपैकी एकाने पेटी भजनी मंडळात शिकलेली असते, दुसऱ्याने कीबोर्ड आपल्या गावच्या चर्चमध्ये, आणि तिसऱ्याने गिटार मोबाईलवर पाहून.

या भागातील एका मंडळीच्या उपासनेस आम्ही काही काळापूर्वी उपस्थित होतो. मंडळीचे नाव सांगण्याचे कारण नाही. जे तेथे घडले ते पुष्कळ ठिकाणी घडते. मंदिर लहान, छप्पर पत्र्याचे. वादक सहा : पेटी, तबला, कीबोर्ड, दोन गिटारी आणि ऑक्टोपॅड. पहिले गीत जुने मराठी पद होते, दादरा तालातले. (आमच्या प्रदेशाचे नाव आणि तालाचे नाव एकच, हा केवळ योगायोग.) पेटीवाल्या वृद्ध गृहस्थांनी काळी एक मध्ये सूर दिला, तबला त्याच सुरात मिळविलेला होता. पहिले कडवे मंडळीने मनापासून म्हटले. दुसऱ्या कडव्यापाशी कीबोर्ड वाजविणाऱ्या तरुणाने गीतास उठाव यावा म्हणून बटण दाबून सूर अर्धा स्वर वर नेला, आणि तिसऱ्यापाशी आणखी अर्धा. गिटारवाल्यांनी त्याच्याकडे पाहून स्वर बदलले. पेटीवाले पट्ट्या शोधू लागले. तबल्याचा दाया मात्र काळी एकमध्येच वाजत राहिला, कारण त्याला बटण नसते. अंतऱ्यातला तार गंधार अगोदरच उंच होता. तो एक पूर्ण स्वर चढल्यावर स्त्रियांच्या बाजूचा आवाज क्षीण झाला, आणि शेवटच्या कडव्याला त्या बाजूने कोणीही गात नव्हते. ध्वनिक्षेपकातून मात्र गीत पूर्वीपेक्षा मोठे येत होते, त्यामुळे ही गोष्ट व्यासपीठावर कोणाच्या लक्षात आली असेल असे वाटत नाही. उपासना संपल्यावर बाहेर एक गृहस्थ म्हणाले, “आज संगीत जोरात झाले.”

‘जोरात’ हा शब्द आमच्या मनात बराच काळ घोळत राहिला. तो प्रशंसेचा शब्द होता. त्या सहा जणांपैकी एकही वादक अडाणी नव्हता. कीबोर्डवाल्याचा हात तर चांगलाच तयार होता. एकेकट्याने वाजविले असते तर त्यांतील प्रत्येकाचे वादन ऐकण्याजोगे झाले असते. दोष होता तो असा की, सहाही जण सर्व वेळ वाजवीत होते, आणि मंडळीचे गाणे त्यांच्यापैकी कोणीच ऐकत नव्हते.

आमच्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे : साथ. गायकाच्या सोबत पेटी किंवा तबला वाजविणाऱ्यास आपण साथीदार म्हणतो. ज्याची साथ करावयाची तो अगोदर ठरलेला असतो, साथीदाराचे कान त्याच्याकडे असतात, आणि त्याचा श्वास संपला की साथीदाराने ती जागा भरून काढावी व तो पुन्हा गाऊ लागला की मागे सरावे, अशी रीत आहे. आता मंडळीच्या उपासनेत गायक कोण, हे पाहिले पाहिजे. ध्वनिक्षेपकापाशी उभा असलेला पुढारी हा गायक नव्हे. गायक म्हणजे मंडळी. हे एकदा मान्य केले की, वादकांनी साथ कोणाची करावयाची हे उघड होते. रोमच्या धर्मसभेने ५ मार्च १९६७ रोजी उपासनासंगीताविषयी जी सूचना प्रसृत केली तीत वाद्यांचे काम नेमके हेच सांगितले आहे : वाद्यांनी गाणाऱ्यांना आधार द्यावा व त्यांचा सहभाग सुलभ करावा, गीताचे शब्द कळणार नाहीत इतके त्यांनी आवाज झाकू नयेत. प्रॉटेस्टंट वाचकांना ही सूचना बंधनकारक नाही; पण तीतील शहाणपण कोणत्याही पंथाला परके नसावे.

पवित्र शास्त्रात या विषयावरचे सर्वांत उपयुक्त प्रकरण १ इतिहास १५ हे होय, आणि ते आम्ही सहसा नावांची यादी म्हणून ओलांडून जातो. कराराचा कोश यरुशलेमेस आणताना दावीद लेव्यांना गवई व वादक नेमावयास सांगतो. हेमान, आसाफ व एथान यांच्याकडे पितळी झांजा दिल्या जातात. काहींच्या हाती सारंग्या असून त्या ‘अलामोथ’वर, तर काहींच्या हाती वीणा असून त्या ‘शमीनीथ’वर वाजवावयाच्या आहेत. बहुतेक अभ्यासक पहिल्याचा अर्थ उंच स्वर आणि दुसऱ्याचा अर्थ खालचे सप्तक असा घेतात. म्हणजे एकाच जातीच्या तंतुवाद्यांनाही जागा वाटून दिल्या होत्या. सर्वांनी एकाच जागी गर्दी केली नव्हती. पुढे कनन्या याला गायनावर नेमले, आणि त्याचे कारण तो त्यात निपुण होता असे दिले आहे. तो वयाने मोठा होता म्हणून, किंवा त्याने कीबोर्ड विकत आणून दिला होता म्हणून नेमला, असे तेथे नाही. २ इतिहास ५ मध्ये कर्णे वाजविणारे व गाणारे यांचा ध्वनी एक झाला असे वर्णन आहे, व त्यानंतर मंदिर मेघाने भरले. वाद्ये सुरात मिळाली की देवाचे तेज उतरते, असा यांत्रिक नियम आम्ही यावरून काढू इच्छीत नाही. परंतु १ करिंथ १४ मध्ये पौलाने बासरी व वीणा यांचा दाखला दिला आहे तो येथे जोडून वाचावा : स्वर वेगवेगळे ओळखू आले नाहीत, तर काय वाजविले जात आहे हे कोणास कळणार? अन्य भाषांच्या दानाविषयी बोलताना प्रेषिताला आठवण झाली ती वाद्यांच्या गोंधळाची.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आमच्या मते पहिला प्रश्न सुराचा आहे, आणि तो उपासनेच्या वेळी सोडविता येत नाही. पेटीच्या सुरी कारखान्यात लावलेल्या असतात. पुष्कळ जुन्या पेट्या कीबोर्डपेक्षा किंचित चढ्या किंवा उतऱ्या असतात. कीबोर्डचा सूर बारीक प्रमाणात वरखाली करण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. गिटारीच्या तारा खुंट्या पिळून मिळतात. तबला हातोडीने मिळतो. पेटी मात्र रविवारी सकाळी बदलता येत नाही. तेव्हा ज्याला बदलता येत नाही त्याच्याकडे इतरांनी यावे, हा साधा न्याय आहे. कीबोर्ड पेटीशी मिळवावा, मग गिटारी, मग तबला. नव्या यंत्राने जुन्यापाशी यावयाचे, हे तरुणांना पटविणे पाळकांचे काम आहे.

सूर कोणता, हे मंडळीच्या गळ्यावरून ठरवावे. गीतातला सर्वांत उंच स्वर अगोदर शोधावा आणि तो मागच्या बाकावरच्या बाईला न किंचाळता लागेल असा षड्ज घ्यावा. मध्येच सूर चढविण्याची जी चाल चित्रपटगीतांतून व परदेशी ध्वनिमुद्रणांतून आली आहे, ती जेथे तबला आहे तेथे पूर्णपणे टाळावी. इतकेच नव्हे, तर एका उपासनेतील गीते शक्यतो एकदोन सुरांतच बसवावी, म्हणजे तबलजीला दोन दाये पुरतील. हे तपशील क्षुल्लक वाटतील. पण तबला बेसूर वाजत असताना त्याच्या शेजारी बसलेल्या पेटीवाल्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते क्षुल्लक नसते.

गिटारविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य आहे. आमच्या जुन्या पदांपैकी काहींच्या चाली भैरवीसारख्या रागांवर बांधलेल्या आहेत. भैरवीत गंधार कोमल. गिटारीवर सवयीने जो षड्जाचा ठळक स्वरसमूह धरला जातो त्यात गंधार शुद्ध. मंडळी कोमल गाते, गिटार शुद्ध वाजविते, आणि दोन्ही स्वर एकमेकांना खातात. गिटारवाल्याला वाटते की मंडळी बेसूर आहे. मंडळीला वाटते की ही वाद्ये आपल्या पदांसाठी नाहीत. अशा पदांना गिटारीने केवळ षड्ज व पंचम छेडावेत, तंबोऱ्यासारखे. हे वाजविण्यास सोपे आहे, आणि कानाला फार गोड लागते. अवघड एवढेच की, ज्याला दहा स्वरसमूह येतात त्याने दोन तारांवर समाधान मानावयाचे.

लयीचा प्रश्न यंत्रामुळे बिघडला आहे. कीबोर्डमधील तयार ताल हे सोयीचे खरे, पण ते ऐकत नाहीत. मंडळी एखाद्या ओळीवर रेंगाळते, श्वास घेते, यंत्र पुढे जाते. शिवाय दादऱ्याच्या सहा मात्रांत चौथीवर काल येतो व गीताला झोका मिळतो. यंत्रातील तीन मात्रांचा विलायती नृत्याचा ताल त्या जागी लावला तर हिशेब जुळतो आणि झोका जातो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांवर ऑक्टोपॅडचा दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावरचा प्रहार बसविला की काय होते, हे वाचकांनी ऐकलेच असेल. आमचे मत असे की, जेथे तबला किंवा ढोलकी वाजविणारा माणूस उपस्थित आहे तेथे मराठी पदांना यंत्राचा ताल लावू नये. हिंदी व इंग्रजी कोरसांना ऑक्टोपॅडने पुढे यावे आणि तबल्याने विसावा घ्यावा. दोघांनी एकमेकांस जागा द्यावी. एका गीतात दोन तालवाद्ये सतत वाजलीच पाहिजेत, असा कोणताही नियम नाही.

तीच गोष्ट चालीची. मंडळी गात असताना मूळ चाल एकाच वाद्याने धरावी, बहुधा पेटीने. कीबोर्डने तेव्हा लांब धरलेले स्वर द्यावेत आणि खर्जातली गिटार असेल तर आपला डावा हात मोकळा ठेवावा. दोन कडव्यांमधील संगीत आळीपाळीने वाटून घ्यावे. प्रार्थनेच्या वेळी खालून मंद सूर वाजवीत राहण्याची जी पद्धत अलीकडे रूढ झाली आहे तिच्याविषयी आमचे मत अनुकूल नाही. प्रार्थना करणाऱ्याचे शब्द अपुरे पडत असतील तर ते अपुरेच ऐकू येऊ द्यावेत. पत्र्याच्या छपराखाली एवढा आवाज पुरेसा असतो की, सहा जणांच्या वाद्यवृंदास मोठा ध्वनिक्षेपक बहुधा लागतच नाही. आणि वादकांना एकमेकांचे ऐकू येत नसेल तर आवाज वाढविण्यापूर्वी त्यांनी अर्धवर्तुळात, एकमेकांचे हात दिसतील असे बसून पाहावे.

असे बसणे या मुलखाला नवे नाही. वारल्यांचा तारपा ज्यांनी ऐकला आहे त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच कळेल. वाळलेल्या दुधीभोपळ्यात बांबूच्या नळ्या बसवून, मेणाने सांधून आणि ताडाच्या पानांचा भोंगा लावून हे वाद्य करतात. वाजविणारा श्वास न तोडता वाजवितो, आणि हातात हात गुंफलेली माणसांची रांग त्याच्याभोवती फिरते. तो वळला की रांग वळते. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. तारप्याकडे कोणी पाठ करीत नाही. तेथे सूचना देणारा नाही, आणि मोजणाराही नाही. सर्वांचे कान एकीकडे आहेत एवढेच. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या चित्रांमुळे हे वर्तुळ जगभर पोहोचले. आमच्या मंदिरात ते पोहोचले नाही. तारप्याचा संबंध जुन्या दैवतांशी असल्यामुळे ज्यांनी तो ख्रिस्ती झाल्यावर सोडला त्यांच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो, आणि तो मंदिरात आणावा की नाही हा येथील विषय नाही. पण ज्या तरुणाचा आजा त्या वर्तुळात नाचला त्याला एकमेकांचे ऐकून चालणे शिकवावे लागेल, असे मानणे चुकीचे आहे. त्याच्यासमोर आपण जे यंत्र ठेवले त्याने ती सवय मोडली, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

मराठी मंडळीला तर आणखी जवळचा दाखला आहे, तो कीर्तनाचा. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यानंतर अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) राहून त्यांनी पदे रचली, कीर्तने केली. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा त्या भागात त्यांच्या आधीचीही आहे. कीर्तनात तबलजीचे डोळे कीर्तनकाराच्या हातावर असतात. आख्यान चालू असता तो हात मांडीवर ठेवून ऐकतो, आणि ओळ आली की समेवर नेमका येतो. पेटीवालाही तसाच. आमच्या तरुण वादकांपैकी कितीजणांनी एखादे संपूर्ण कीर्तन बसून ऐकले आहे, असा प्रश्न प्रत्येक पाळकाने आपल्या मंडळीत विचारून पाहावा. शिकवणीपेक्षा असे एक कीर्तन अधिक शिकवील, असा आमचा अनुभव आहे.

मात्र सर्व भार वादकांवर टाकणे अन्यायाचे होईल. गीतांची निवड शनिवारी रात्री उशिरा कळविणारे, व्यासपीठावरून कडवी गाळणारे किंवा ऐनवेळी वाढविणारे, आणि सराव झाला किंवा नाही हे कधीही न विचारणारे पाळक व प्रचारक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत आम्हीही काही वर्षे मोडत होतो. गोव्याच्या धर्मग्रामांत ‘मेस्त’ म्हणून ओळखला जाणारा संगीतशिक्षक असे. तो मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवी आणि चर्चमधील गायनवादनास जबाबदार असे. सिल्वासासारख्या ठिकाणी असा पगारी माणूस ठेवणे बहुतेक मंडळ्यांना परवडणार नाही. पण जबाबदारी एका व्यक्तीवर असावी, ही कनन्याच्या काळापासूनची गोष्ट फुकट करता येते. गीते बुधवारपर्यंत ठरवावीत, सूर कागदावर लिहून द्यावेत, आणि सरावास पाळकांनी स्वतः निदान महिन्यातून एकदा जाऊन मागच्या बाकावर बसावे. तेथून काय ऐकू येते हे व्यासपीठावरून कळत नाही.

एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. तरुणांना अडविले तर ते निघून जातील, मोठ्या ध्वनिक्षेपकांच्या दुसऱ्या सभांकडे वळतील. ही भीती अगदीच निराधार नाही. पण जो वादक ऐकावयास शिकतो तो अधिक काळ टिकतो, असे आम्ही पाहिले आहे, कारण त्याला इतरांची गरज लागू लागते. आणि जाणाऱ्यांचा हिशेब करावयाचा तर तो पुरा करावा. वर ज्या मंडळीचे वर्णन केले तेथील वृद्ध पेटीवाले त्यानंतरच्या काही रविवारी पेटी न उघडताच बाकावर बसले. कोणी त्यांना काढले नव्हते. त्यांनीही कोणाकडे तक्रार केली नाही. त्यांच्या पाठोपाठ जुनी पदेही यादीतून गेली, कारण त्यांच्या चाली पूर्णपणे येणारे तेच एक होते.

पुढे तेथील प्रचारकांनी एक गोष्ट केली ती नमूद करण्यासारखी आहे. त्यांनी कीबोर्डवाल्या तरुणास दर शुक्रवारी संध्याकाळी त्या गृहस्थांच्या घरी पाठविण्यास आरंभ केला. जुन्या चाली उतरवून घेणे, एवढेच काम सांगितले. पहिले दोन शुक्रवार तो मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून परत आला. तिसऱ्या शुक्रवारी वीज नव्हती, मोबाईल उतरला होता, आणि त्याला चाली ऐकूनच शिकाव्या लागल्या. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पेटी उघडी होती, पद काळी एकमध्येच शेवटपर्यंत राहिले, आणि कीबोर्डवाल्याने मधल्या दोन कडव्यांना हात मांडीवर ठेवला होता. ऑक्टोपॅडचा प्रश्न मात्र तेथे अजून सुटलेला नाही.